वेळेला बांध : मोहित्यांचे वडगाव येथील प्रयोग

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव ह्या नावाचे सुमारे ३,००० लोकवस्तीचे एक खेडे आहे. सन २०२२ च्या १५ ऑगस्टपासून ह्या गावाने एक साधा, परंतु विचार करण्याजोगा प्रयोग हाती घेतला. सायंकाळी ७ वाजता गावातील मंदिरावर बसविलेला भोंगा वाजे. तो ऐकताच घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद करावयाचे आणि मुलांनी पुस्तके घेऊन बसावयाचे, असा नियम गावाने स्वखुशीने लावून घेतला. साडेआठ वाजता दुसरा भोंगा होई व यंत्रे पुन्हा सुरू करण्यास मोकळीक मिळे. ह्या दीड तासाची वार्ता राज्याबाहेर आणि देशाबाहेरही पोहोचली. ती पोहोचविण्याच्या कामी त्याच मोबाइलचा मोठा हातभार लागला असेल, ह्यात नवल नाही.

अशा बातमीचे कौतुक करून ती विसरून जाणे सोपे असते. परंतु वडगावने ज्या प्रश्नास हात घातला, तो आज प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातील प्रश्न आहे. महाजाल, ज्यास सर्वजण इंटरनेट म्हणतात, ते शेतकऱ्याच्या खिशात आले. त्यापासून होणारा लाभ पदरात पाडून घ्यावा आणि हानी टाळावी, हे कसे साधेल, हा तो प्रश्न होय.

उपयोग आणि आनंद

मोबाइलविषयी बोलताना प्रथम त्याचे उपकार मान्य केले पाहिजेत. पावसाचा अंदाज कळण्यासाठी ज्या शेतकऱ्यास पूर्वी आभाळाकडे व पंचांगाकडे पाहावे लागे, त्याला आता भारतीय हवामानशास्त्र विभागाचा अंदाज शेताच्या बांधावर वाचता येतो. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघदूत’ ह्या अ‍ॅपवर जिल्ह्याच्या हवामानास अनुसरून पीकसल्ला मिळू लागला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास सूचना देते. बाजार समितीतील भाव, सातबाराचा उतारा, योजनेचा अर्ज ह्यांसाठी तालुक्याला मारावे लागणारे पुष्कळसे हेलपाटे वाचले. ‘ई-पीक पाहणी’द्वारे आपल्या पिकाची नोंद स्वतः करण्याची सोय सन २०२१ पासून राज्यभर झाली. द्राक्षाच्या पानावर पडलेल्या डागाचे छायाचित्र काही क्षणांत तज्ज्ञापर्यंत पाठविता येते आणि फवारणीचा निर्णय दोन दिवस आधी घेता येतो. पिकाच्या दृष्टीने त्या दोन दिवसांचे मोल किती असते, हे बागायतदारास सांगावयास नको.

उपयोगापलीकडे आनंदही आहे, आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. सीमेवरील जवानाचा चेहरा त्याच्या आईला घरबसल्या दिसतो. सासरी गेलेल्या मुलीच्या बाळाचे पहिले पाऊल आजीला पाहावयास मिळते. गावापासून दूर, मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्या स्त्रीस दिवसभर बोलावयास माणूस नसते; तिला बहिणींशी चार शब्द बोलता येतात. कीर्तन, भजन, कुस्तीचा फड, जुना तमाशापट, हे सर्व हाताशी आले आहे. कष्टाच्या दिवसानंतर मनाला विसावा हवा असतो, आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीनुसार मिळू लागला, हे सुखच होय. ह्या सुखाला नावे ठेवून कोणी मोबाइल बाजूस ठेवील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

अर्ध्या तासाकडून अखंड प्रवाहाकडे

खेड्यात बाहेरचे ज्ञान यंत्राद्वारे पोहोचविण्याचा प्रयत्न नवीन नाही. सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत श्रोता-मंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम मंडळाने एकत्र बसून ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची आणि पटेल ते अमलात आणावयाचे, अशी ती रीत होती. प्रयोग यशस्वी ठरला, आणि सन १९५९ पासून अशी मंडळे देशभर स्थापन होऊ लागली.

पुढे सन १९९५ च्या १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा भारतातील सामान्य ग्राहकांस खुली केली. सन १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकास उसाची नोंद, वजन व बिल ह्यांची माहिती गावातील केंद्रावर मिळावी, हा त्याचा एक मुख्य हेतू होता. शेतकरी केंद्रावर जाई, विचारावयाचे ते विचारी आणि घरी परते. त्यानंतर स्वस्त मोबाइल आले, आणि सन २०१६ च्या उत्तरार्धापासून इंटरनेटचा दर इतका उतरला की घरातील जवळजवळ प्रत्येक हाती ते पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

ह्या तीन टप्प्यांकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. श्रोता-मंडळाचा कार्यक्रम अर्ध्या तासाने संपत असे. संगणक केंद्राचे दार सायंकाळी बंद होत असे. दोन्ही ठिकाणी कोठे थांबावयाचे, हे यंत्राने अथवा व्यवस्थेने आधीच ठरविलेले होते. खिशातील मोबाइलवर कार्यक्रम कधीच संपत नाही आणि त्याचे दारही कधी मिटत नाही. थांबण्याची सर्व जबाबदारी आता माणसाच्या मनावर येऊन पडली आहे, आणि दिवसभर राबून थकलेले मन ह्या कामी फार दुबळे असते.

थांबणे कठीण का होते?

मोबाइलमध्ये वेळ जातो, तो केवळ आळसामुळे जातो असे समजणे बरोबर नाही. पूर्वी पडद्यावरील पान संपले की पुढील पान मुद्दाम उघडावे लागे. सन २००६ मध्ये आझा रास्किन ह्या अमेरिकन रचनाकाराने बोट सरकवीत राहिले असता मजकूर आपोआप पुढे येत राहील, अशी युक्ती काढली. त्यामुळे पान संपण्याच्या ठिकाणी मिळणारा विचाराचा क्षण नाहीसा झाला. ह्या युक्तीबद्दल पुढे स्वतः रास्किन ह्यांनीच जाहीरपणे खेद व्यक्त केला. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, त्यामागील हेतूही हाच आहे.

दुसरे कारण मनुष्यस्वभावात आहे. स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर चोच मारली की केव्हा दाणा मिळे, केव्हा मिळत नसे. दाणा नेमका केव्हा मिळेल हे ठाऊक नसल्यामुळे कबुतर थकेपर्यंत चोच मारीत राही. मोबाइलवर दहा निरर्थक गोष्टींनंतर एखादी गमतीची वा उपयोगाची गोष्ट हाती लागते, आणि त्या आशेवर बोट सरकत राहते. पाहणाऱ्याचा जेवढा वेळ पडद्यावर जाईल, तेवढ्या जाहिराती त्याच्यापुढे ठेवता येतात. ही सेवा फुकट दिसते. तिची किंमत पैशाऐवजी वेळेत वसूल केली जाते.

न दिसणारा खर्च

वेळेचा हिशेब शेतकऱ्याने एकदा मांडून पाहावा. कामाव्यतिरिक्त दररोज २ तास मोबाइलवर गेले, तर वर्षाचे ७३० तास होतात. आठ तासांचा कामाचा दिवस धरल्यास हे ९१ दिवस झाले. सोयाबीनचे लवकर पक्व होणारे वाण पेरणीपासून काढणीपर्यंत येण्यास जवळजवळ एवढाच अवधी घेतात. हे तास सलग जात नाहीत, थोडेथोडे गळतात, म्हणून त्यांची जाणीव होत नाही. फुटक्या पाटातून गळणारे पाणीही असेच चटकन दिसत नाही. टोकाच्या वाफ्यातील पीक सुकू लागले म्हणजेच ते कळते.

ह्या घरातील टोकाचा वाफा कोणता, हे पाहिले पाहिजे. बहुधा तो झोपेचा असतो. ज्यास रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यावे लागते, त्याची झोप आधीच तुटलेली असते. उरलेली मोबाइल खातो. मग दुसऱ्या दिवशी औषधाची मात्रा मोजताना अथवा कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ उभे असताना लक्ष चुकते, आणि तेथे क्षणाची चूक आयुष्यभर पुरते. त्यानंतर संभाषणाचा वाफा येतो. एकाच ओसरीवर चार माणसे बसलेली असतात आणि चौघांचे डोळे चार पडद्यांत असतात. शेतीचे पुष्कळसे शहाणपण पुस्तकांत नाही. कोणत्या पट्टीत पाणी मुरते, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाझर राहतो, हे बाप मुलाला जेवताना बोलता बोलता सांगत असतो. ते बोलणे आटले, तर ते ज्ञानही आटते.

सर्वांत नाजूक वाफा मुलांचा आहे. सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल द्यावा लागला. तो देणे त्या वेळी आवश्यकच होते. परंतु शाळा पुन्हा उघडल्यावरही तो हातून सुटला नाही, वाचण्या-लिहिण्यात मुलांचे मन रमेना, असा अनुभव वडगावच्या शिक्षकांना आला. जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार १ वर्षाखालील बालकास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांचा असा वेळ दिवसाला १ तासाहून अधिक असू नये. रडणाऱ्या मुलास गप्प करण्यासाठी मोबाइल देणाऱ्या मातापित्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

अफवा आणि फसवणूक

काही वेळा ह्या साधनाची किंमत वेळेहून कितीतरी मोठी पडते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. मेलेल्यांचा काहीही अपराध नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घातली. परंतु संदेश खरा की खोटा, हे ठरविण्याचे काम कोणतेही यंत्र करीत नाही. न पडताळलेला संदेश पुढे पाठविणारा मनुष्य त्या अफवेचा वाटेकरी होतो.

दुसरा धोका पैशाचा आहे. ‘पीएम किसान’सारख्या योजनेचा हप्ता अथवा नोंदणी ह्यांचे निमित्त सांगून मोबाइलवर एक फाइल पाठविली जाते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ती उघडून बसवून घेतली की मोबाइलमधील संदेश, आणि त्यांबरोबर बँकेचा ओटीपी, चोराच्या हाती जाऊ शकतो. शासनाची कोणतीही योजना अनोळखी क्रमांकावरून अशी फाइल पाठवीत नाही. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे व बँकेस सूचना द्यावी. जितक्या लवकर कळविले जाईल, तितका पैसा अडविला जाण्याचा संभव अधिक असतो.

तिसरा धोका अर्धवट सल्ल्याचा आहे. चित्रफितीत दाखविलेले औषधांचे मिश्रण दुसऱ्या जमिनीतील, दुसऱ्या हवामानातील आणि कदाचित दुसऱ्या पिकावरील असते. अशा सल्ल्याची शहानिशा औषधाच्या वेष्टनावरील सूचना, स्थानिक कृषी अधिकारी अथवा कृषी विज्ञान केंद्र ह्यांच्याकडून केल्यावाचून पंपात औषध भरू नये. सन २००४ पासून चालत आलेल्या किसान कॉल सेंटरवर, १८००-१८०-१५५१ ह्या निःशुल्क क्रमांकावर, मराठीतून शंका विचारता येतात.

वडगावने काय साधले?

आता पुन्हा वडगावच्या प्रयोगाकडे वळावयाचे, ते त्यातील युक्ती पाहण्यासाठी. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा भरली आणि तिच्यात हा निर्णय झाला. ह्या कामी पुढाकार घेणारे तेव्हाचे सरपंच श्री. विजय मोहिते ह्यांनी तो हुकूम म्हणून लादला नाही. प्रारंभी काहींनी शंका घेतल्या, काही हसलेही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक ह्यांनी घरोघर जाऊन समजूत घातली. हळूहळू भोंग्याची सवय झाली.

ह्या प्रयोगातील पहिली मर्माची गोष्ट अशी की, बंधन मुलांबरोबर मोठ्यांवरही होते. बापाने स्वतः मोबाइल चाळीत मुलाला “वाच” म्हणावे, ह्या उपदेशाचा परिणाम शून्य असतो. वडगावच्या स्त्रियांनी संध्याकाळच्या मालिका सोडल्या, पुरुषांनी मोबाइल ठेवला, तेव्हाच मुलांच्या हाती पुस्तक आले. दुसरी गोष्ट म्हणजे बंधन सर्व गावाला एकाच वेळी लागू होते. एकट्या घराने मोबाइल बंद केला, तर शेजारच्या घरातील आवाजाने मुलाचे मन तिकडे ओढते. सारे गाव शांत झाले, म्हणजे कोणालाच काही गमावल्यासारखे वाटत नाही. तिसरी गोष्ट अशी की, बंधन वेळेचे होते, साधनावर बंदी नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी ह्या गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्यामागील कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु ज्या साधनावर शाळेचा अभ्यासही चालतो, ते पूर्णपणे नाकारण्यापेक्षा त्याला वेळ नेमून देणे अधिक काळ टिकण्याचा संभव आहे.

पाणी मोजून देण्याचे हे तत्त्व कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास नवीन नाही. कडेगाव हा मुळात अवर्षणप्रवण तालुका. ताकारी व टेंभू उपसा योजनांचे पाणी आले आणि त्या भागाचे रूप पालटले. मात्र ह्याच खोऱ्यात वाळवा, मिरज, शिरोळ ह्या भागांतील कित्येक चांगल्या जमिनी पाण्याच्या अतिवापराने आणि निचऱ्याच्या अभावी क्षारपड झाल्या. तेथे पाणी वाईट नव्हते. ते केव्हा बंद करावे, ह्याचा विचार झाला नव्हता. इंटरनेटचेही असेच आहे. ते कोरड्या रानाला जीवन देते आणि बारे मोडावयास विसरलेल्याचे रान चिबडवून टाकते.

घरी व गावी करण्याजोग्या गोष्टी

वडगावचा भोंगा जसाच्या तसा प्रत्येक गावी चालेल, असे नाही. दूध काढण्याची वेळ, विजेची पाळी, शाळेचे अंतर ह्यांप्रमाणे प्रत्येक गावाची संध्याकाळ वेगळी असते. तथापि पुढील गोष्टी कोठेही करून पाहता येतील :

(१) घरातील सर्वांनी मिळून दिवसातील एक ठराविक वेळ, प्रारंभी अर्धा तास का होईना, मोबाइलवाचून घालवावी. जेवणाची वेळ ह्यासाठी उत्तम.

(२) हवामान, बाजारभाव व पीकसल्ला पाहण्यासाठी सकाळ-सायंकाळ वेळ नेमावी. काम झाले की मोबाइल ठेवावा. मोबाइल उघडण्यापूर्वी काय पाहावयाचे आहे, हे मनाशी ठरवावे.

(३) अनावश्यक सूचनांचा आवाज आणि चित्रफिती आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी.

(४) रात्री मोबाइल उशाशी न ठेवता दूर ठेवावा. मोटारीचा स्टार्टर मोबाइलवर चालत असल्यास अथवा घरचे माणूस परगावी असल्यास आवाज चालू ठेवण्यास हरकत नाही.

(५) फवारणी, मळणी व कडबाकुट्टीच्या वेळी मोबाइल खिशात न ठेवता बाजूस ठेवावा.

(६) उपयुक्त चित्रफीत चावडीवर अथवा गटाच्या बैठकीत दहा जणांनी मिळून पाहावी आणि नंतर चर्चा करावी. १९५६ च्या श्रोता-मंडळांची ही रीत आजही तितकीच फलदायी ठरेल.

(७) ग्रामसभा, महिला मंडळ व शाळा व्यवस्थापन समिती ह्यांनी हा विषय एकदा तरी चर्चेस घ्यावा. निर्णय सर्वांच्या संमतीचा असावा, आणि तो पाळण्यास वडीलधाऱ्यांनी आरंभ करावा.

शेतकरी हा मूलतः मर्यादा जाणणारा मनुष्य आहे. शेताला बांध, जनावराला दावे आणि पाण्याला पाळी असल्यावाचून शेती होत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. वेळ हेही त्याचे रानच होय, आणि ते वाढवून मिळणारे नाही. त्या रानाला ज्या घरी वेळीच बांध पडेल, तेथे मोबाइल घरच्या गड्यासारखा राबेल, आणि मुलांची संध्याकाळ मुलांच्या पदरी राहील.